सभासद कोणास म्हणावे?

संघटनेचे काम करणाऱ्यांना वर्षातून एकदा तरी हा प्रश्न येतोच, की तुमचे सभासद किती? आम्ही पावतीपुस्तके काढतो, फाडलेल्या पावत्यांच्या स्थळप्रती मोजतो आणि आकडा सांगतो. विचारणाऱ्याचे समाधान होते. आमचे मात्र होत नाही. सांगितलेला आकडा वर्गणी भरणाऱ्यांचा असतो, तो सभासदांचा असेलच असे नाही. वर्गणी हाताने देता येते, सभासद मात्र सबंध माणसाने व्हावे लागते. ह्या दोहोंत अंतर किती आणि ते कशाने भरून निघते, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. त्यासाठी आम्ही जव्हार आणि मोखाडा हे दोन तालुके घेतले आहेत. आमच्या कामाची वर्षे तेथेच गेली आणि ह्या प्रश्नाची पुष्कळशी उत्तरे आम्हांला तेथील पाड्यांवरच मिळाली.

प्रथम शब्दाकडे पाहू. सभासद म्हणजे सभेत बसणारा. म्हणजे ह्या शब्दात पैशाचा संबंध मुळीच नाही, हजर राहण्याचा आहे. दुसरा शब्द भाऊबंद. हा फार चांगला शब्द आहे, परंतु त्याला एक 'की' जोडली की भाऊबंदकी होते आणि भाऊबंदकी म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे बांधावरची भांडणे, कोर्टातील तारखा आणि वाटणीपत्रे उभी राहतात. एकत्र जन्मलेल्यांचे नाते भांडणात कसे संपते हे आपल्या भाषेने अनुभवाने नोंदवून ठेवले आहे. तेव्हा रक्ताचे नाते बंधुत्वाला पुरत नाही. बंधुत्व नियमांनी उभे करावे लागते आणि नियम पाळून टिकवावे लागते.

ज्यांनी हा मुलूख पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती देतो. जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान होते. हे घराणे महादेव कोळी समाजातील. चौदाव्या शतकात सुरू झालेले हे राज्य १९४८ साली मुंबई राज्यात विलीन झाले आणि हा मुलूख ठाणे जिल्ह्यात आला. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा निराळा झाला, तेव्हापासून हे दोन्ही तालुके त्या जिल्ह्यात आहेत. वस्ती मुख्यतः वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर आणि कातकरी ह्या आदिवासींची. खाचरात भात आणि उतारावर नागली, वरई, उडीद ही पिके. पावसाळ्यात येथे उभे राहवत नाही इतका पाऊस पडतो आणि उन्हाळ्यात त्याच पाड्यावरील बाई पाण्यासाठी दरीत उतरते. मोखाडा तालुक्यातील मध्य वैतरणा धरणाचे पाणी मुंबईला जाते. पाण्यापाठोपाठ माणसेही कामासाठी त्याच दिशेने जातात.

अशा मुलखात एकट्या घराची शेती होणे कठीण. राबात टाकलेले बी उगवून रोप तयार झाले की आवणी थोड्या दिवसांत उरकावी लागते. रोपाचे वय टळले की पीक गेले. ज्या घरात काम करणारे दोनच हात आहेत त्याने काय करावे? मजूर लावायला पैसा नाही, आणि असता तरी त्या दिवसांत मजूर रिकामा कोठून मिळणार? ह्या अडचणीतून जी व्यवस्था निघाली तिला पुष्कळ ठिकाणी सावड म्हणतात. देशावर नांगरणीसाठी इर्जिक करतात, जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात महादेव कोळ्यांमध्ये खाचरे बांधण्यासाठी पडकई असते. नावे निराळी, तत्त्व एकच. आज सर्वांनी तुझ्या शेतात, उद्या सर्वांनी माझ्या.

ही व्यवस्था कोणी कागदावर लिहिली नाही, पण तिला नियम आहेत आणि ते आम्ही कामगार संघटनेच्या कित्येक घटनांपेक्षा अधिक काटेकोरपणे पाळलेले पाहिले आहेत. पहिला नियम असा, की दिवसाची फेड दिवसाने करावयाची, पैशाने नव्हे. पैसा दिला की तो मजूर झाला आणि नाते संपले. दुसरा नियम पाळीचा. कोणाचे शेत आधी, हे घराच्या मोठेपणावर ठरत नाही, रोपाच्या वयावर ठरते. ज्याचे रोप आधी तयार झाले त्याची पाळी आधी. तिसरा नियम असा, की ज्याच्या शेतावर काम त्याच्या घरची भाकर. ती नागलीची असो की तांदळाची असो, तिच्यावरून कोणी बोलत नाही. चौथा नियम हिशेबाचा. कोण किती दिवस आला हे वहीत नसते, परंतु प्रत्येकाच्या ध्यानात असते, आणि जो येतो म्हणून आला नाही त्याला पुढल्या वर्षी बोलावण्यास कोणी जात नाही. त्याला शिक्षा म्हणून एवढीच. पाचवा नियम आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. घरात आजारपण असेल, कर्ता पुरुष गेला असेल, तर त्या घरची फेड ताबडतोब मागितली जात नाही. मुलगा मोठा झाला की तो फेडील, असे धरून चालतात. म्हणजे सावडीचा हिशेब एका हंगामाचा नसतो, तो पिढ्यांचा असतो.

आता ह्याच्याच शेजारी दुसरी एक गोष्ट ठेवून पाहावी. ती म्हणजे वेठ. स्वातंत्र्यापूर्वी ठाणे जिल्ह्याच्या डहाणू-उंबरगाव भागात जमीनदार आणि सावकार वारल्यांकडून वेठ घेत असत. लग्नासाठी थोडेसे कर्ज काढणारा तरुण ते फेडीपर्यंत सावकाराच्या घरी राबत असे, बायकोही राबत असे, आणि कर्ज तर फिटतच नसे. अशा माणसाला लग्नगडी म्हणत. लांबून पाहणाऱ्याला सावड आणि वेठ ह्यांत फरक दिसणार नाही. दोन्हीकडे माणसे दुसऱ्याच्या शेतात मजुरीवाचून राबत आहेत, दोन्हीकडे बोलावणे आले की जायचे आहे. किंबहुना 'ही तर येथील जुनी चाल आहे' असे सांगून वेठीचे समर्थन करणारेही होते. मग फरक कशात? एक, सावडीत ज्याच्या शेतात तुम्ही जाता तो उद्या तुमच्या शेतात येतो, जमीनदार कधीही वारल्याच्या खाचरात वाकला नाही. दोन, सावडीला नाही म्हणता येते, त्याची किंमत मोजावी लागते एवढेच. वेठीला नाही म्हणता येत नसे. म्हणून कोणत्याही मंडळाची, संघाची वा पंथाची पारख करावयाची असेल तर हे दोन प्रश्न विचारावेत. येथे दिलेले परत येते काय? आणि येथे नाही म्हणता येते काय? दोहोंचे उत्तर नकारार्थी असेल तर त्या संस्थेचे नाव कितीही पवित्र असो, आत वेठच चालली आहे असे समजावे.

बंधुत्वाला शिस्त लागते, हा पुढचा मुद्दा. ह्याचे आपल्या डोंगरातील एक जुने उदाहरण आहे. महादेव कोळ्यांची एक जातसभा पूर्वी होती, तिला गोतरणी म्हणत. तिचे मुख्य ठाणे जुन्नर. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कॅप्टन मॅकिंटॉश ह्या इंग्रज अधिकाऱ्याने महादेव कोळ्यांची माहिती लिहिली, ती पुढे मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरांतही आली. त्यात ह्या सभेची रचना दिलेली आहे. सभेचे सहा अधिकारी असत. मुख्य तो रगतवान, त्याचा साहाय्यक तो मेटल. तिसरा अधिकारी गावोगाव फिरून कोण कसा वागतो ह्याची चौकशी करी आणि आरोपीला सभेपुढे आणी. चौथा ढाल्या, जो सभेचे न ऐकणाराच्या दारावर उंबराची फांदी लावी. पाचवा हाडक्या, तो तरीही न ऐकणाराच्या दाराला मेलेल्या गायीचे हाड बांधी. हाड बांधले म्हणजे तो माणूस जातीबाहेर. सहावा मडक्या, तो वाळीत पडलेल्याला परत घेताना त्याच्या घरातील जुनी मडकी काढून टाकण्याचे व शुद्धीचे काम पाही.

ह्या रचनेत घेण्यासारखे काही आहे. चौकशी करणारा एक, निवाडा देणारा दुसरा आणि तो अमलात आणणारा तिसरा, अशी कामाची वाटणी होती. शिक्षा एकदम होत नसे. प्रथम फांदी, मग हाड, म्हणजे माणसाला वळण्यास सवड मिळे. आणि परत येण्याची वाट ठेवलेली होती, त्यासाठी खास एक अधिकारी नेमलेला होता. परत घेणारा अधिकारी आजच्या किती संघटनांत आहे? काढून टाकण्याचे कलम सर्वांच्या घटनेत असते, पुन्हा घेण्याचे कलम शोधावे लागते.

तथापि, ह्या व्यवस्थेचा जो पाया होता तो आपण घेऊ नये आणि घेता येणारही नाही. तिचा अधिकार वंशाने चाले. तिचे लक्ष मुख्यतः कोणी कोणाशी लग्न केले, कोण कोणाबरोबर जेवला ह्यावर असे. आणि तिचे हत्यार होते वाळीत टाकणे. वाळीत टाकलेल्या घराला विस्तव मिळत नाही, पाणी मिळत नाही, मयताला चार खांदे मिळत नाहीत. ज्या मुलखात सावडीवाचून पीक हाती येत नाही तेथे वाळीत टाकणे म्हणजे उपासमारीची शिक्षा. आणि तिचा भार बायकांवर आणि मुलांवर पडतो, ज्यांचा मूळ तंट्याशी संबंधही नसतो. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला आणि २०१७ पासून तो अमलात आला, हे योग्यच झाले. परंतु कायदा झाला म्हणून ती सवय गेली असे नव्हे. संप फोडणाऱ्याला वाळीत टाका, अशी मागणी आमच्या सभांतूनही उठते. रागाच्या भरात ती रास्त वाटते. आम्ही अशा वेळी सांगत आलो, की त्याला सभेत जाब विचारा, त्याचे पद काढा, त्याचे मत काढा, पण त्याच्या घरचे पाणी आणि त्याच्या घरचे मयत ह्यांना हात लावू नका. जी संघटना माणसाच्या भाकरीसाठी निघाली तिने माणसाची भाकर बंद करून शिस्त राखू नये.

आता पाड्यावरून थोडे शहराकडे येऊ. २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात जोतीराव फुले ह्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला. सभासद होताना भंडारा उचलून शपथ घ्यावी लागे. ही तळी उचलण्याची रीत खंडोबाच्या भक्तांत जुनी होती, जोतीरावांनी ती नव्या कामाला लावली. देव आणि भक्त ह्यांमध्ये मध्यस्थ नको, हे तत्त्व. परंतु तत्त्व मान्य असणे निराळे आणि आपल्या मुलीचे लग्न भटजीवाचून लावणे निराळे. सभासदत्वाची खरी परीक्षा तेथे होती. समाज स्थापन झाल्यावर तीन महिन्यांनी, २५ डिसेंबर १८७३ रोजी, सत्यशोधक पद्धतीचे पहिले लग्न लागले. नातलगांचा आणि पुरोहितांचा रोष पत्करून ज्यांनी ते लावले आणि जे त्या मांडवात येऊन बसले ते सभासद. ह्यावरून आम्हांला असे दिसते, की जिच्यात काही द्यावे लागत नाही, काही सोसावे लागत नाही, त्या संस्थेची सभासदांना किंमत राहत नाही.

उलट बाजूचेही एक उदाहरण आहे. सत्यशोधक समाजातच तयार झालेले नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. सुमारे ५५०० कामगारांच्या सह्यांचे निवेदन झाले. रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार वेळेवर, अशा त्यांच्या मागण्या होत्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. आज आपण जी साप्ताहिक सुटी भोगतो तिचे मूळ येथे आहे. परंतु लोखंड्यांच्या ह्या मिलहँड्स असोसिएशनला सभासदांची यादी नव्हती, निधी नव्हता, लिखित नियम नव्हते. सर्व भार एका प्रामाणिक आणि कष्टाळू माणसावर. १८९७ साली मुंबईच्या प्लेगात रोग्यांची सेवा करता करता लोखंडे वारले आणि त्यांच्यामागे ती संघटना उभी राहू शकली नाही. म्हणजे नुसती वही उपयोगाची नाही हे जितके खरे, तितकेच वहीवाचून चालत नाही हेही खरे. १८४४ साली इंग्लंडात रॉचडेल येथे २८ कामगारांनी सहकारी दुकान काढले, त्यांनी पै-पैची नोंद ठेवली आणि प्रत्येकाला एक मत दिले, म्हणून त्यांचे नियम जगभर गेले. सावडीचे बंधुत्व आणि रॉचडेलची वही, ह्या दोन्ही गोष्टी एका ठिकाणी आणणे हेच संघटनेचे काम होय.

आमच्या जिल्ह्यात हे काही अंशी घडले ते १९४५ साली. त्या वर्षी जानेवारीत टिटवाळ्याला महाराष्ट्र किसान सभेचे अधिवेशन झाले. त्याला उंबरगावकडील थोडे वारली आले होते. पुढे गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर त्यांच्या गावांत गेले. २३ मे १९४५ रोजी झरी येथे वारल्यांची मोठी परिषद भरली आणि तेथे ठरले, की वेठ करावयाची नाही, रोजी बारा आणे रोख मिळाल्यावाचून जमीनदाराच्या खाजगी शेतावर राबावयाचे नाही, मारहाण झाली तर प्रतिकार करावयाचा आणि सर्वांनी एक राहावयाचे. ह्यात वर्गणीचा शब्द नाही. सभासदाकडून अपेक्षा होती ती नकाराची. आणि हा नकार प्रत्येकाने आपापल्या पाड्यावर, जमीनदाराच्या समोर, एकट्याने उभे राहून द्यावयाचा होता. सभेत हात वर करणे सोपे असते, कारण शेजारचाही हात वर असतो. दुसऱ्या दिवशी पहाटे कारभारी दारात येऊन हाक मारतो तेव्हा शेजारी दिसत नाही. त्या क्षणी शेजारीही माझ्यासारखाच नाही म्हणत असेल, असा विश्वास ज्याला वाटतो तोच नाही म्हणू शकतो. बंधुत्व म्हणजे हा विश्वास. तो वारल्यांना कोठून मिळाला? आमच्या समजुतीप्रमाणे त्याचा बराच भाग आवणीच्या चिखलात मिळाला. ज्याने दरसाल माझ्या शेतात येऊन दिवस फेडला तो आजही शब्द राखील, हा अनुभव त्यांच्या गाठी होता.

ह्या शब्दाची किंमतही त्यांनी दिली. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या हजारो वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात पाच जण मेले. जेठ्या गांगड हे त्यांतील नाव लोकांच्या तोंडी राहिले. गोळीबार झाला, पुढाऱ्यांना जिल्ह्याबाहेर घालवले गेले, तरी गवत कापणीचा संप मोडला नाही. लग्नगडी मोकळे झाले आणि वेठ त्या मुलखातून गेली. गोदावरीबाईंनी ही हकीकत 'जेव्हा माणूस जागा होतो' ह्या पुस्तकात लिहिली आहे. संघटनेचे काम करू इच्छिणाऱ्या तरुणाने ती वाचावी, आणि मोर्च्यांच्या वर्णनांइतकेच लक्ष त्यातील लहान लहान बैठकांकडे द्यावे.

स्वातंत्र्याच्या सुमारास जंगल कामगारांच्या सहकारी संस्था निघाल्या. बाळासाहेब खेर ह्यांच्यासारख्या मंडळींनी त्यांना पाठबळ दिले. जंगलातील कूप ठेकेदाराने घ्यावयाचे आणि आदिवासीने त्याच्याकडे तोडणीला जावयाचे, ह्याऐवजी कूपच तोडणाऱ्यांच्या संस्थेने घ्यावे, असा हेतू होता. हेतू उत्तम आणि ठेकेदाराचा फास त्यामुळे सैलही झाला. परंतु जेथे सभासदाला ताळेबंद वाचता येत नव्हता आणि कोणी वाचून दाखवीतही नव्हते, तेथे तो संस्थेचा मालक असूनही मजूरच राहिला. भागाची रक्कम त्याच्या नावे होती, पण संस्थेच्या सभेत तो बसत नव्हता. सभासद शब्दाचा मूळ अर्थच तेथे गळून गेला.

ह्या सर्व इतिहासाची आज गरज काय, असे कोणी विचारील. गरज अशी, की जव्हार-मोखाड्याचा माणूस आता वर्षाचे सहा-सात महिने घरी नसतो. दिवाळी झाली, भात झोडून झाले, की कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी, वसई, कल्याणकडे वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर जातात. आधी बयाणा म्हणून आगाऊ रक्कम घेतलेली असते. आठवड्याला खर्ची मिळते आणि उरलेला हिशेब पावसाच्या तोंडाशी होतो. विटा किती पडल्या हे मालकाच्या वहीत. वेठबिगारीचा कायदा १९७६ साली झाला, तरी आगाऊ रकमेच्या दोरीने बांधलेला माणूस आम्हांला अजून भेटतो. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी भागात कुपोषणाने लहान मुले मेली, तेव्हा सर्व देशाचे लक्ष इकडे वळले. मूल कुपोषित का होते ह्याची कारणे अनेक आहेत, परंतु जे मूल अर्धे वर्ष भट्टीवर असते, त्याला अंगणवाडी नाही, दाखला नाही, शेजार नाही, हे त्यांतील एक आहे.

स्थलांतराने सावड मोडते. ज्यांनी एकमेकांच्या शेतात दिवस फेडले ते चार दिशांना चार भट्ट्यांवर जातात, आणि तेथे प्रत्येकजण एकटा. मालकाला आणि मुकादमाला हे फार सोयीचे असते. म्हणून आमच्या संघटनेने काही वर्षांपूर्वी एक साधी गोष्ट सुरू केली. एका पाड्यावरील माणसांनी शक्यतो एकाच भट्टीवर जावे, आणि जाण्यापूर्वी तिघांना नेमावे. एकाने विटांची नोंद ठेवावी, एकाने खर्चीची, आणि तिसरी एक बाई, जिने मुले आणि आजारी माणसे पाहावीत. ह्या पद्धतीने गेलेल्या एका टोळीची हकीकत सांगण्यासारखी आहे. अकरा कुटुंबे होती. हंगाम संपला तेव्हा मालकाने आठ कुटुंबांचे पैसे चुकते केले आणि तिघांचा बयाणा फिटला नाही म्हणून त्यांना थांबवले. आठ जणांच्या हाती पैसा आला होता, आभाळ भरून आले होते, घरी जाऊन पेरणीला लागायचे होते. ते गेले असते तर त्यांना कोणी दोष दिला नसता. तेव्हा त्यांच्यातील एक म्हातारी म्हणाली, "आवणीत एकाचंच शेत राहिलं म्हणून कोणी हात धुवून घरी जातं का?" सगळे तेथेच बसले. दोन दिवसांनी वह्या समोरासमोर ठेवल्या गेल्या. तिघांपैकी दोघांच्या विटा मालकाच्या वहीत कमी लिहिल्या होत्या, त्या मान्य झाल्या. तिसऱ्याकडे मात्र खरोखरच बाकी निघत होती. आमच्या नोंद ठेवणाऱ्या मुलाने ते स्वतःच सांगितले. ती बाकी अकरा घरांनी वाटून भरली, आणि तो माणूस पुढील आवणीत प्रत्येकाच्या शेतात दोन दोन दिवस जास्त राबला.

ह्या हकीकतीत बंधुत्वाचे सारे नियम आहेत. थांबणे आहे, हिशेब आहे, आपल्याच माणसाची बाकी लपवायची नाही हा खरेपणा आहे, आणि फेडीची जुनी रीत आहे. त्या मुलाने बाकी झाकली असती तर मालकापुढे आमच्या वहीची किंमत उरली नसती, आणि पुढल्या वर्षी इतर दोघांचे खरे मापही कोणी मानले नसते.

परगावी एकत्र राहण्याच्या रीतीही आपल्याकडे नवीन नाहीत. मुंबईत गोवेकरांचे कूड आहेत. एकेका गावाच्या लोकांनी मिळून जागा घ्यावयाची, थोडी मासिक वर्गणी द्यावयाची, आणि बोटीवर कामाला जाणाऱ्याने आपली पेटी तेथे ठेवावयाची. तेथे संध्याकाळच्या प्रार्थनेला हजर राहणे हा नियमच. कोकणातील गिरणी कामगारांच्या गावकीच्या खोल्याही अशाच होत्या. बेकारीत आणि आजारपणात माणसाला आधार होता तो ह्या खोल्यांचा. जव्हार-मोखाड्याच्या माणसाला अशी खोली नाही. तो पुलाखाली किंवा भट्टीशेजारच्या झापात राहतो. आमची पुढील उमेद ही, की कामाच्या प्रत्येक मोठ्या ठिकाणी आमच्या तालुक्यांची निदान एक अशी जागा असावी, जेथे आजारी माणूस टेकेल, दाखले आणि कागद सुरक्षित राहतील आणि आठवड्याला एकदा सगळे एकत्र बसतील.

तेव्हा सभासद कोणास म्हणावे? आमच्याकडे नवीन माणूस नाव नोंदवायला येतो तेव्हा आम्ही त्याला पाच गोष्टी सांगतो. बैठकीला ये. येता येत नसेल तर घरातील दुसरे माणूस पाठव, ती बायको असली तर अधिक चांगले. वर्गणी दे आणि तिचा हिशेब माग, न मागणारा सभासद आम्हांला नको. तुझे काम झाले म्हणून उठू नकोस, शेवटच्याचे होईपर्यंत बैस. खोटी बाकी मानू नकोस आणि खरी बाकी लपवू नकोस. पाचवी गोष्ट अशी, की कोणाशी कितीही भांडण झाले तरी त्याचे पाणी तोडू नकोस. तो उद्या परत येणार आहे आणि त्याला यायला वाट असली पाहिजे.

ह्या बदल्यात तुला काय मिळेल, असे तो विचारतो, आणि त्याने विचारावेच. मजुरी वाढेलच असे वचन आम्ही देत नाही. तुझे रोप तयार होईल तेव्हा तुझी पाळी येईल, एवढे मात्र सांगतो. बहुतेकजण ह्यावर थोडा वेळ गप्प राहतात. मग काहीजण पावती घेतात, काहीजण विचार करून सांगतो म्हणून जातात. विचार करून परत येणाऱ्यांची नावे आम्ही जरा जपून लिहितो. ती वहीत फार वर्षे राहतात.